मोठा आकडा

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडा हात फिरवला आहे; बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



हा मेळावा खरं तर २०२१ मध्ये व्हायचा होता, पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून. तो करोनाने खाल्ला. मग 'पुढच्या वर्षी नक्की' असं म्हणत म्हणत आज २९ वर्षांनी आपण या हॉलमध्ये बसलो आहोत. सकाळी दारात तुमच्यातल्या दोघांना मी ओळखलं नाही, त्याबद्दल माफी. त्या दोघांनी मलाही ओळखलं नव्हतं, त्यामुळे फिट्टंफाट.

संयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील संधी'. मी इंजिनिअर झाले, बावीस-तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, तेव्हा हा विषय माझ्या गळ्यात पडणार हे उघड होतं. तयारीला बसले आणि म्हटलं, आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या मंडळींनी मला वर्षभरात काय काय विचारलं ते एकदा पाहावं. संधींबद्दल एकानेही विचारलेलं नाही. पण नऊ जणांनी एकच प्रश्न विचारलाय. शब्द वेगवेगळे, प्रश्न तोच. त्यातला एक निरोप जसाच्या तसा वाचते : "पोट्टं डोकं खाऊन राहिलं. गेमिंगचा कॉम्प्युटर पाहिजे म्हणते. प्रोसेसर कोणता घेऊ ते सांग, बाकी मी पाहतो."

तर आज नऊ जणांना एकदमच उत्तर देते. ज्यांच्या घरी अजून हा प्रश्न आलेला नाही त्यांनीही ऐका, येत्या मे महिन्यात येईल.

सुरुवात आपल्या शाळेपासूनच करते. नववीत असताना शाळेत दोन संगणक आले, आठवतंय? ऑफिसशेजारची खोली, खिडक्यांना पडदे, आणि चपला बाहेर काढून आत जायचं. देवळानंतर चपला काढायची ती एकच जागा होती. एका संगणकावर चौघं बसायचो. सर बाहेर गेले की 'प्रिन्स' सुरू व्हायचा, आणि एकजण दाराशी पहाऱ्याला. त्या संगणकाच्या डब्यावर एक बटण होतं, 'टर्बो' लिहिलेलं, आणि वर लाल दिव्यांचा आकडा. बटण दाबलं की ३३ चे ६६ व्हायचे. ते बटण कोणी दाबायचं यावरून मारामाऱ्या झाल्या आहेत. त्यातले दोन योद्धे तिसऱ्या रांगेत बसलेत, नावं घेत नाही.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. पहिली, ते बटण वेग वाढवायला नव्हतंच. जुने गेम प्रोसेसरच्या ठोक्यांवरच वेळ मोजत. नव्या, वेगवान मशीनवर ते इतके भरधाव पळायचे की खेळता येत नसे. म्हणून मशीनला मुद्दाम हळू करायची ती सोय होती, आणि नाव मात्र टर्बो. दुसरी गोष्ट याहून गमतीची. तो लाल आकडा आतला वेग मोजत नव्हता. मागे बारीक जंपर असत. मशीन जोडणारा माणूस ते जसे बसवेल तसा आकडा दिसे. त्याने ९९ जुळवले असते तर आपण ९९ पाहून खूश झालो असतो.

हे सांगायचं कारण, आज मी जे काही बोलणार आहे ते सगळं आकड्यांवर भाळण्याबद्दल आहे. आणि त्यात पहिला नंबर माझा आहे.

१९९८ साली बारावी झाली आणि मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. बाबांनी पी. एफ. मधून पैसे काढले आणि ४२ हजारांचा संगणक घेतला. आमच्या घरात तेव्हा फ्रिज नव्हता. अकोल्याचा मे महिना आम्ही माठावर काढायचो, आणि कोपऱ्यात संगणक, त्यावर आईने शिवलेलं कव्हर. दुकानात दोन पर्याय होते. एक जुना, २३३ मेगाहर्ट्झचा. दुसरा नवा, २६६ चा, आणि तो थोडा स्वस्तच. साहजिकच २६६ घेतला. मोठा आकडा, कमी पैसे.

तिसऱ्या वर्षाला 'कॉम्प्युटर आर्किटेक्चर' हा विषय आला. त्यात कॅश मेमरीचं प्रकरण होतं. ते वाचताना माझ्या लक्षात आलं की आपल्या घरच्या त्या २६६ मध्ये दुसऱ्या पायरीची कॅशच नाही. किंमत कमी करण्यासाठी ती काढून टाकली होती. २३३ च्या बोर्डावर ती होती. रोजच्या कित्येक कामांत तो जुना, लहान आकड्याचा प्रोसेसर आमच्या नव्याच्या बरोबरीने चालला असता, काही कामांत पुढेही गेला असता. त्या दिवाळीत घरी आले, आणि फराळाला आलेल्या चार पाहुण्यांसमोर मी बाबांना म्हणाले, "बाबा, तुम्हाला दुकानदाराने गुंडाळलं. आकडा बघून भुललात तुम्ही."

बाबा काही बोलले नाहीत. चकलीचं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "असेल. घ्या, घ्या, चकली घ्या."

ही गोष्ट इथेच ठेवते. पुढे तिच्याकडे परत यायचंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. प्रोसेसर कोणता घ्यायचा हे ठरवण्याआधी गेम चालतो तेव्हा आत काय होतं ते समजून घ्या. आपलं स्नेहसंमेलन आठवा. नाटक बसवणाऱ्या बाई सगळं ठरवायच्या : कोण कधी येणार, कोण कुठे उभा राहणार, तलवार लागली की नाही, कोण मेलं. आणि मागे पडदे रंगवणारी पोरं वेगळी. बाई सांगणार, "आता जंगल", आणि ही पोरं जंगल रंगवणार. संगणकात बाईंचं काम प्रोसेसर करतो. पडदे रंगवणारी टोळी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. फरक एवढाच की इथे पडदा दर सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचा असतो. म्हणजे एका पडद्याला साधारण १६.७ मिलिसेकंद. मुलाचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल आणि त्याचा पुरा उपयोग करायचा असेल, तर ७ मिलिसेकंदांहूनही कमी. तेवढ्या वेळात बाईंचं ठरवूनही झालं पाहिजे आणि पोरांचं रंगवूनही झालं पाहिजे. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या वेगाने नाटक चालणार.

आता पडदा किती मोठा, हा प्रश्न. साधा फुल एचडी मॉनिटर म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. फोर-के म्हणजे बरोबर त्याच्या चौपट, ८३ लाखांच्या आसपास. पडदा चौपट झाला की रंगवणाऱ्यांचं काम कितीतरी वाढतं, पण बाईंचं काम जवळपास तेवढंच राहतं. तलवार लागली की नाही हे पडद्याच्या आकारावर थोडंच ठरतं! म्हणून फोर-के वर खेळणाऱ्याने पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. मध्यम प्रोसेसरही तिथे पुरतो. फुल एचडीवर, जास्त हर्ट्झच्या मॉनिटरवर, काउंटर-स्ट्राइकसारखा झटापटीचा गेम खेळणाऱ्याला मात्र चांगल्या प्रोसेसरचा फरक दिसतो. म्हणून पहिला प्रश्न 'कोणता प्रोसेसर' हा नाहीच. तुमच्या मुलाचा मॉनिटर कोणता आणि तो खेळतो काय, हा आहे. नऊ जणांपैकी एकानेही मला हे सांगितलं नव्हतं, कारण एकालाही ते ठाऊक नव्हतं.

आता प्रोसेसरच्या खोक्यावरचे आकडे. पहिला गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके. हा आकडा एकाच घराण्यातल्या, एकाच पिढीतल्या प्रोसेसरांची तुलना करायला ठीक आहे. घराणं बदललं की त्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण एका ठोक्यात किती काम होतं ते प्रत्येकाचं वेगळं. पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला, चारचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडून दिला. पुढे २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आले, २.४ गिगाहर्ट्झचे, आणि त्यांनी ३.८ वाल्याला मागे टाकलं. लहान पावलं भराभर टाकणारा नेहमीच पुढे जातो असं नाही, हे आपल्याला पी. टी. च्या तासाला शंभर मीटर धावताना कळलं होतं.

दुसरा आकडा कोअरचा. सहा कोअर, आठ कोअर, चोवीस कोअर. वाटतं, जितके जास्त तितकं बरं. आता पुरणपोळ्यांचा बेत डोळ्यांसमोर आणा. पुरण वाटायला एक, लाटायला तीन, पण तवा एकच. लाटायला आणखी सहा जणी बसवल्या तरी पोळ्या तव्याच्या वेगानेच होणार. बहुतेक गेममध्ये असा एक तवा असतो. मुख्य धागा म्हणतात त्याला. बाकीची कामं वाटून देता येतात, तो मात्र एका कोअरवरच चालतो. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्येच हा हिशेब मांडला होता : कामाचा निम्मा भाग वाटण्यासारखा नसेल तर कितीही माणसं लावा, काम दुपटीपेक्षा जास्त वेगाने होणार नाही. म्हणून आजच्या गेमना सहा चांगले कोअर पुरतात, आठ असले तर ऐसपैस होतं. त्यापुढचे कोअर व्हिडिओ एडिटिंग, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणं, असल्या कामांचे. मुलगा ते करणार असेल तर घ्या. 'पुढे कधीतरी करेल' म्हणून घेऊ नका. आपल्या घरातली व्यायामाची सायकल कपडे वाळवायच्या कामी येते, हे लक्षात ठेवा.

तिसरा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, आणि गेमसाठी मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो कॅशचा. स्वयंपाक करताना हाताशी मिसळणाचा डबा असतो. मोहरी, हळद, हिंग, हात लांब न करता मिळतं. प्रोसेसरच्या अगदी आतली कॅश म्हणजे हा डबा. तिथली वस्तू चार-पाच ठोक्यांत हाती येते. डब्यात नसलेलं फडताळात असतं, दोन पावलं चालायचं. ती तिसऱ्या पायरीची कॅश, पन्नासेक ठोके. तिथेही नसेल तर चप्पल घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायचं. ते दुकान म्हणजे रॅम, तिथे जाऊन यायला तीन-चारशे ठोके लागू शकतात. तोवर फोडणी थांबलेली. गेममध्ये शेकडो वस्तू इकडेतिकडे पसरलेल्या असतात, खेळाडू, गोळ्या, भिंती, दारं, आणि प्रत्येक पडद्याला त्या सगळ्यांची विचारपूस करावी लागते. त्यामुळे फडताळ मोठं असलेला प्रोसेसर गेममध्ये पुढे जातो.

उदाहरण देते. एएमडीचा रायझन ७ ७७००एक्स घ्या : आठ कोअर, ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत, तिसऱ्या पायरीची कॅश ३२ एमबी. त्याच घरातला ७८००एक्स३डी : तेही आठ कोअर, पण ५ गिगाहर्ट्झपर्यंतच, म्हणजे कमी, कॅश मात्र ९६ एमबी, एकावर एक थर चढवून बसवलेली. खोक्यावरचा ठळक आकडा लहान, तरी बहुतेक गेममध्ये हाच पुढे. आणि आमचा १९९८ चा २६६? त्या घरात फडताळच नव्हतं. मिसळणाच्या डब्यात नसलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी दुकान गाठायचं.

आता माझ्या घरचं सांगते, म्हणजे मी नुसतं शहाणपण शिकवत नाही हे कळेल.

गेल्या वर्षी माझ्या मुलाची अकरावी झाली. त्याने वाढदिवसाचे, ओवाळणीचे, आणि सोसायटीतल्या दोन मुलांना वर्षभर गणित शिकवल्याचे मिळून ३१ हजार साठवले होते. म्हणाला, "तू ४९ घाल, मी ८० मध्ये बसवतो." आणि यादी पुढे ठेवली. यादीत कोअर आय ९. चोवीस कोअर, ६ गिगाहर्ट्झ, पूर्ण जोरात चालला की २५३ वॅट खाणारा. निम्म्याहून जास्त पैसे एकट्या प्रोसेसरात आणि त्याच्या बोर्डात. उरलेल्यात ग्राफिक्स कार्ड असं, की पडदे रंगवायला बालवाडीतली पोरं.

मी चिडले. म्हणजे शिकवायच्या सुरात सुरू झाले आणि मग चिडले. त्याच्या यादीवर काट मारली, त्याच कागदावर ७८००एक्स३डी लिहिलं, आणि म्हणाले, "आकडा बघून भुललास. अगदी आजोबांवर गेलायस. त्यांनाही असंच गुंडाळलं होतं."

माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती. बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती पलीकडे शेंगा सोलत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांना कोणी नाही गुंडाळलं. तुला विचारून घेतला होता त्यांनी."

मी म्हटलं, "मला? कधी?"

"आदल्या रात्री. तू प्रवेशाचे फॉर्म भरत बसली होतीस. ते तीन दुकानं फिरून आले होते. तुला म्हणाले, एक दोनशे तेहतीस आहे, एक दोनशे सहासष्ट आहे. जुना घेणारेही सांगतात काही जण, तुला काय वाटतं? तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, मोठा आकडा घ्या ना बाबा, त्यात काय विचारायचं."

मला आठवलं नाही. आजही आठवत नाही. पण ते वाक्य माझंच आहे, यात मला शंका नाही. तो सूर ओळखीचा आहे. आई पुढे म्हणाली, "दिवाळीत तू पाहुण्यांसमोर बोललीस तेव्हा मी सांगणार होते. त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. रात्री म्हणाले, आता तिला कळायला लागलंय, तेवढ्यासाठीच तर घेतला होता."

मित्रांनो, मी वीस-बावीस वर्षं ही गोष्ट गमतीने सांगत आले होते. ऑफिसमध्ये नव्या मुलांना कॅश समजावताना तर हमखास. 'माझ्या वडिलांना फसवलं' अशी सुरुवात करायची, आणि पोरं हसायची. ती सुरुवात आता करता येत नाही. आणि ज्यांची माफी मागायची ते समोर नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलाजवळ बसले. काट मारलेला कागद फेकला, नवी वही घेतली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. त्याला विचारलं, "तू काय खेळतोस?" हा प्रश्न मी त्याला कधी विचारलाच नव्हता. त्याने अर्धा तास सांगितलं. काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट, थोडा जीटीए. मॉनिटर फुल एचडी, १४४ हर्ट्झ, मामाने दिलेला. मग मी त्याला पुरणपोळी आणि मिसळणाचा डबा समजावला. आय ९ त्याने स्वतःच खोडला. मला वाटलं, आता एक्स३डी वर येईल.

तो म्हणाला, "आई, तूही मोठाच आकडा घेतेयस. फक्त कॅशचा."

मग त्याने हिशेब मांडला. रायझन ५ ७६०० : सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी कॅश, ६५ वॅट, कूलर खोक्यातच मिळतो. हे गेम त्यावर १४४ च्या वर आरामात जातात, आणि मॉनिटर १४४ च्या वर दाखवूच शकत नाही. मग जास्तीचे पैसे कशासाठी? वाचलेले ग्राफिक्स कार्डात घालू. बोर्ड एएम५ सॉकेटचा घेऊ. याआधीच्या एएम४ चं काय झालं, तर २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी बसला. "मीही तीन-चार वर्षांनी माझ्या पैशाने मोठ्या कॅशचा बसवीन. तुला तुझ्या त्या संगणकातली कॅश आत्ता माझ्या संगणकात बसवायची आहे."

याला काय उत्तर देणार? बरोबर बोलत होता. ७६०० घेतला. वर्ष होत आलं, कुठेही अडलं नाही.

आता नऊ जणांसाठी, आणि पुढच्या नऊ जणांसाठी, वहीत उतरवून घ्या म्हणून सांगते.

एक, आधी मॉनिटर आणि गेम लिहा, मग बजेट, मग ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर त्यानंतर. माझा ढोबळ हिशेब असा की, गेमिंगसाठी घेताय तर प्रोसेसरला जेवढे, त्याच्या दुप्पट ग्राफिक्स कार्डाला.

दोन, बजेट खरंच बेताचं असेल तर इंटेलचा आय ५ १२४००एफ किंवा त्या तोडीचा सहा कोअरचा प्रोसेसर घ्यायला लाजू नका. त्या सॉकेटवर स्वस्त डीडीआर ४ रॅमचे बोर्डही मिळतात. एएम५ वर डीडीआर ५ च लागते.

तीन, नावाच्या शेपटीकडे बघा. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं की पडदा काळा, मुलाचा अभ्यासाचा प्रोजेक्टही बंद. थोडे जास्त देऊन एफ नसलेला घेता आला तर बघा.

चार, दुकानदार 'आय ७ आहे' म्हणाला की विचारा, कोणत्या पिढीचा? दहा वर्षांपूर्वीचा आय ७ आजच्या आय ५ पुढे टिकत नाही. पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या, आणि खोकं सीलबंद आहे ना ते बघून आपल्यासमोर उघडायला सांगा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले वरचे डेस्कटॉप प्रोसेसर घेतलेत तर बायोस ताजा करून घ्या. जादा व्होल्टेजमुळे त्यांतले काही अस्थिर होत होते, आणि इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य करून दुरुस्ती दिली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली.

पाच, हा खास आपल्या अकोल्यासाठी. परदेशी परीक्षणं वाचाल, त्यांची खोली वीस-बावीस अंशांची असते. आपला मे ४५ चा. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली वीस अंशांनी जास्त तापलेली असेल तर आतलं तापमानही साधारण तेवढंच वर जातं. इथे ६५ वॅटचा प्रोसेसर सुखाने नांदेल. अडीचशे वॅटवाला खोलीलाच भट्टी करेल. डेझर्ट कूलरच्या थेट ओल्या झोतात कॅबिनेट ठेवू नका. एसएमपीएस चांगल्या प्रतीचा घ्या, घराचं अर्थिंग तपासा, यूपीएस लावा. पोरांना दिव्यांचे पंखे हवे असतात. ते शेवटी, पैसे उरले तर.

सहा, आणि हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं. यादी मुलाला करू द्या. चुकीची केली तर काट मारू नका, 'का' विचारा. त्याच्याकडे कारण असेल तर ऐका. नसेल तर तो स्वतःच शोधायला जाईल, आणि येताना तुमच्यापेक्षा जास्त घेऊन येईल. मला या क्षेत्रात इतकी वर्षं झाली, आणि मी माझा जुना राग काढायला निघाले होते, हे सतरा वर्षांच्या मुलाला दिसलं, मला दिसलं नाही.

सर, तुम्ही गणिताच्या तासाला उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवल्याशिवाय गुण द्यायचा नाहीत. आम्ही तुमच्यावर फार चिडायचो. माझ्या मुलाची वही मी जपून ठेवली आहे. त्यात पानभर रीत आहे, आणि शेवटी उत्तर. बाबांनीही तीन दुकानं फिरून, विचारपूस करून, रीत पूर्ण केली होती. शेवटची पायरी माझी होती, ती मी न बघता लिहिली.

तेव्हा तुमच्या घरी कोणी काही विचारायला आलं, मुलगा असो, म्हातारे आईवडील असोत, कितीही क्षुल्लक विचारू देत, हातातलं खाली ठेवा आणि मान वर करून उत्तर द्या. प्रोसेसर चुकला तर तीन वर्षांनी बदलता येतो.

संयोजक मघापासून हातवारे करतायत, म्हणजे जेवणाची घंटा झालेली दिसते. ज्यांना अजून शंका आहेत त्यांनी पंगतीत माझ्या शेजारी बसा. आज पुरणपोळीच आहे असं ऐकलं. तवे किती आहेत ते मी आत जाऊन बघून आले आहे : चार. काळजी नसावी.